तिसऱ्या वर्षाची गाडी

तपासनीस गाडीखाली सरकला तेव्हा त्याचे फक्त बूट बाहेर राहिले. ताई त्या बुटांशीच बोलू लागली.

“पहिल्या वर्षाचीच आहे का?”

“बघू तर द्या,” बूट म्हणाले.

बाबा जाऊन पंधरवडा झाला होता. तिला अजून रडू आलं नव्हतं. दाढ काढल्यावर बधिर हिरडीवरून जीभ नुसतीच फिरत राहते, तशी ती घरभर फिरत होती.

धाकटा भाऊ गॅरेजच्या दाराला टेकून उभा होता. जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयाला बाबांची ही लाल स्पोर्ट्‌स कार हवी होती, पण या मॉडेलच्या पहिल्याच वर्षी बनलेली असेल तरच. धाकट्याने तोंड भरून शब्द देऊन टाकला होता. नसेल तर गाडी ताईची, असं दोघांचं ठरलं होतं. कागद घर बदलताना गहाळ झालेले, नंबराची पट्टी गंजून गेलेली. म्हणून हा माणूस बोलावला होता.

“पहिल्याच वर्षाची आहे,” धाकटा म्हणाला. “ताईचा जन्म त्याच वर्षीचा. दवाखान्यातून हिला आणायला बाबा नवी कोरी गाडी घेऊन गेले होते. जुळ्या बहिणी आहेत या. त्यातली एक कमी आवाज करते, एवढाच फरक.”

“गप रे.”

आई कोपऱ्यात स्टुलावर बसून बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. दोघांचं भांडण तिच्या कानांवर जात होतं की नाही, कळत नव्हतं.

पहिलं वर्ष

तपासनीस बाहेर आला. बॉनेटच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

“पहिल्या वर्षी याचे खटके बाहेरून होते. चावी घालून उघडावे लागायचे. गिऱ्हाईक वैतागलं, म्हणून कंपनीने ते आत घेतले. यात आतच आहेत.”

“कुठल्या तरी मेकॅनिकने बदलले असतील,” धाकटा म्हणाला.

“मग भोकं बुजवल्याची खूण राहिली असती.” तपासनिसाचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. “ही हीच गाडी ना?”

फोटोत अडीच-तीन वर्षांची एक मुलगी बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभी होती. पायातले बूट इतके मोठे की उभी आहे की बुटांत ठेवली आहे, ते कळू नये.

“हो. आणि ती मी,” ताई म्हणाली.

त्याने खिशातून भिंग काढलं आणि मुलीवर नाही, बॉनेटच्या कडेवर धरलं. “इथेही बाहेर खटके नाहीत. म्हणजे पहिल्यापासून अशीच आहे. कधीचा फोटो?”

“कुणास ठाऊक. याच्या आधीचा माझा एकही नाही. बाबांनी कॅमेराच उशिरा घेतला.”

आईने एका शर्टाची कॉलर सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

दुसरं वर्ष

“बसा आत,” तपासनीस म्हणाला. “पाय लांब करा.”

ताई चालकाच्या जागेवर बसली. सीटला अजून बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. हाच वास संग्रहालयात काचेमागे जाणार, या विचाराने तिला गेले काही दिवस झोप नव्हती. तिचे पाय खाली गेले, आणखी खाली गेले.

“दुसऱ्या वर्षापर्यंत इथला पत्रा सपाट होता. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला घासायचे. मग तिसऱ्या वर्षी पायांसाठी हा खळगा दिला. चौथ्या वर्षी सीटच बदलली, ही जुनीच आहे.”

“मागाहून कापून केला असेल,” धाकटा अजून हटत नव्हता.

“सांधा दाखवा, मी टोपी काढतो. अखंड पत्रा आहे. तिसऱ्या वर्षाची गाडी, कुठेही शपथेवर सांगेन.”

तिसरं वर्ष

तपासनीस हात पुसत निघून गेला.

धाकट्याने दोन्ही हात वर केले. “घे बाई, तुझी जुळी तुलाच लखलाभ. जुळी कसली, चांगली अडीच वर्षांनी धाकटी निघाली! बाबांनी आपल्याला जन्मभर बनवलं.”

ताई स्टिअरिंग धरून बसून राहिली. गाडी कुठे जाणार नव्हती. बोटांच्या टोकांना किंचित ऊब आली. पंधरवड्यात पहिल्यांदाच काहीतरी जाणवलं.

“मला रिक्षातच कोंबून आणलं असेल,” ती म्हणाली आणि चक्क हसली. “आई, तू तरी सांगायचंस. बाबा एवढ्या थापा मारायचे न् तू ऐकून घ्यायचीस?”

आईने शेवटचा शर्ट खोक्यात ठेवला. उठून भिंतीवरचा फोटो काढला, बाहीने काच पुसली आणि तो ताईच्या मांडीवर ठेवला.

“थापा नव्हत्या गं. गाडी न् तू एकाच दिवशी घरी आलात. हा फोटो त्याच दिवशीचा. बूट अनाथाश्रमातल्या बाईंनी घालून दिले होते. मोठे होत होते, पण तू काही केल्या काढू देईनास.”