कुंडीतली बाळंतीण

"तिकडे कुणी फिरकायचं नाही, बाळंतीण आहे ती," म्हणत सासूबाईंनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. कुंडीतल्या बुलबुलसाठी अख्खं घर कुजबुजत बोलू लागलं. माझ्या बाळंतपणात मात्र पाहुण्यांची रीघ होती. पाखरावर काय जळायचं, पण जळले.

लेकीला खांद्यावर थोपटत मी काचेतून बघत राहिले. पिल्लांना भरवून बुलबुल तारेवर जाऊन बसली. उन्हात एकेक पीस चोचीने विंचरलं. पिल्लं ओरडली, तरी मान वळवली नाही. मग सावकाश परतली. पिल्लं धडधाकट होती.

मी लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "आई, केस धुऊन येते. वेळ लागेल."

त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं, मग माझ्या जटांकडे.

बाथरूमची कडी लावताच बाहेरून त्यांचा आवाज आला, "कुणी दार वाजवायचं नाही. बाळंतीण आहे ती."