जावयाच्या नावानं

कंपनीकडून आलेल्या सत्यमनं बाल्कनीतल्या एसीच्या युनिटचं झाकण उघडलं आणि मुठीत मावेल असा एक डबा बाहेर काढला. डब्याचा माथा फुगला होता.

"कपॅसिटर गेला, मॅडम. पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर उचलत नाही."

"आणि गॅस?" मोनिकानं विचारलं.

"गॅस बरोबर आहे. बघितला मी."

आत पलंगावर बद्रीनाथ मानेवर ओला पंचा टाकून बसले होते. तपासणीसाठी ते पाचोडहून लेकीकडे आले होते. उन्हात फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गच्चीखालची ही खोली बाहेरच्या उन्हाहून जास्त तापत होती.

सत्यमनं मोबाईल काढला. "दोन प्लॅन आहेत. सिल्व्हरमध्ये सर्व्हिस फ्री, पार्टचं वेगळं. गोल्डमध्ये पार्टबी आला, गॅसबी आला. जुना संपलाय, तोच गोल्ड रिन्यू करून टाकू. फक्त ओटीपी लागेल."

"पाठवा. सांगते."

"तुमच्या मोबाईलवर नाही यायचा. इथं ऋतुराज सरांचा नंबर आहे."

मोनिकानं वडिलांकडे पाहिलं.

"आंदणातला माल," बद्रीनाथ म्हणाले. "दुकानदारानं इचारलं, बिल कुणाच्या नावानं. म्हणलं, जावयाच्या. समदे तसंच करत्यात."

"मग नाव बदलून द्या," मोनिका सत्यमला म्हणाली.

"बदलतं ना. त्याला पण ओटीपी लागतो."

"कोणत्या नंबरवर येतो?"

सत्यम जरा ओशाळला. "जुन्याच."

"लाव की फोन त्यांना," बद्रीनाथ म्हणाले. "आकडा तर इचारायचाय."

"आकडा विचारला की तो म्हणणार, कशाला पाहिजे. मी काय सांगू, अप्पा? उकडतंय म्हणून?"

"उकडतंयच की."

"मी घर सोडलं तेव्हा तो काय म्हणाला, तुमच्यासमोरच म्हणाला ना? उन्हाळा लागू दे, आपोआप परत येशील."

"रागात बोलतंय माणूस. या निमित्तानं दोन शबूद झाले तर काय वाईट हाय का? झालं गेलं इसरून जा म्हणतो मी."

मोनिकानं सत्यमच्या हातातला डबा घेतला आणि त्यावरचे बारीक आकडे वाचले.

"हा बाजारात मिळतो?"

"मिळतो की. क्रांती चौकापाशी दुकान आहे. पण बाहेरचा लावला ना, तर कंपनी परत या एसीला हात लावणार नाही. प्लॅन कायमचा बंद."

"कंपनीच्या लेखी हा एसी कोणाचा?"

"सरांचा."

"मग सरांचा प्लॅन बंद होऊ दे. एसी चालेल ना?"

"लावला की चालू."

"घेऊन या. यावर लिहिलंय तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणा. जवळपासचा नको."

बद्रीनाथ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. सत्यमनं पाना पिशवीत टाकला, मोबाईल खिशात घालायला उचलला आणि जीभ चावली.

"मॅडम, बोलता बोलता माझ्याकडून रिन्यूचं बटण दाबलं गेलं. ओटीपी गेला वाटतं तिकडं."

पलंगावर पडलेला मोनिकाचा मोबाईल वाजू लागला. त्यावर ऋतुराजचं नाव होतं.

"वाजू द्या, अप्पा."

पण बद्रीनाथांनी तो उचलला होता. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी मानेवरचा पंचा नीट केला, घाईनं बोट फिरवलं, आणि स्पीकर चालू झाला. ते नमस्कार म्हणणार तोच ऋतुराजचा आवाज खोलीभर झाला.

"ओटीपी आला मला. काय, उकडायला लागलं का?" तो हसला. "आकडा पाहिजे तर इथं येऊन घ्यायचा. अन् एकटी ये. म्हाताऱ्याला पाचोडला सोडून ये."

सत्यम दाराशी थांबला होता; तो पिशवीचा बंद सोडवून पुन्हा बांधू लागला. मोनिकानं फोनसाठी हात पुढे केला. बद्रीनाथांनी तो दिला नाही.

"म्हाताराच बोलतोय, जावईबापू."

पलीकडे खाकरल्याचा आवाज झाला. "अप्पा? तुम्ही आहेत का? अहो, मी आपलं गमतीत..."

"चुकून आला असंल बरं का तो आकडा. आम्हाला कशाला लागतोय एसी?" बद्रीनाथांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता; त्यांनी तो पुसला नाही. "इथं लई गारठा पडलाय. आत्ताच गोधडी मागितली पोरीला."

"मे महिन्यात?"

"व्हय," बद्रीनाथ म्हणाले. "तुमच्याकडं नाय का?"