शिंपीकाकांचं मशीन

संस्थेला दरवर्षी पैसे देणाऱ्या शिंपीकाकांनी यंदा दुकान बंद करताना आपलं शिलाई मशीनच देऊन टाकलं, मुलींच्या शिवणवर्गासाठी. मशीन घेऊन टेम्पो गेल्यापासून त्यांचा पाय एका जागी टिकेना. आज तर सकाळपासून बाहेर जायचा शर्ट घालून ते फोनभोवती घुटमळत होते.

"जीव अडकलाय ना त्यात?" बायको म्हणाली. "मग नेहमीसारखे पैसेच द्यायचे होते."

"पैशांची नुसती पावती येते," ते पुटपुटले.

तेवढ्यात फोन वाजला. शिवणवर्गाच्या बाई होत्या. "काका, मशीनमध्ये बॉबिनची डबीच नाहीये हो. आता शिवायचं कसं?"

"हा काय, निघालोच," म्हणत काकांनी शर्टाचा खिसा चाचपला. डबी जागेवर होती.