व्यंकटरावांचं मंगलाष्टक

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ताहेरनं हार्ड डिस्कची वायर संगणकात खोचली. मागच्या वेळी ही वायर आपण कशी उपसली होती, ते त्याला आत्ता आठवलं.

दीपमालाचं लग्न लागलं त्या दुपारी त्याच्या उमरीतल्या स्टुडिओबाहेर भोकरच्या वऱ्हाडाची जीप हॉर्न वाजवत उभी होती. लग्नसराईत एक लग्न डिस्कवर उतरवायचं, कॅमेऱ्याची कार्डं पुसून रिकामी करायची आणि दुसऱ्या लग्नाला पळायचं, हीच त्याची रीत. पडद्यावरची कॉपीची पट्टी भरली, त्यानं वायर ओढली, जीपमध्ये बसून कार्डं पुसली. ह्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून देताना मुलगा अरीब बजावून गेला होता, "अब्बा, पट्टी भरली तरी डिस्कवर लिहिणं चालूच असतंय. आधी इजेक्ट दाबा. काढा म्हनलं तरच काढा." घाईत कोण दाबतंय!

"तेवढं मंगलाष्टकच लावा, ताहेरभाई," आज समोर बसलेली तारामती म्हणाली. दीपमाला आईला चिकटून बसली होती. तिची हळद उतरायच्या आत वडील, व्यंकटराव, गेले होते. "ह्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई. मोबाईलमधी सुदिक न्हाई."

"हाव वहिनी, लावतो."

त्यानं फोल्डर उघडला. पहिली फाईल उघडेना. दुसरीही उघडेना. ह्या बाईला काय सांगायचं, बाहेर जीप हॉर्न वाजवत होती म्हणून?

तिसरी मात्र उघडली. मांडव दिसला, अंतरपाट दिसला, मुठीत अक्षता धरलेली माणसं दिसली. त्यानं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. फेटा सावरत व्यंकटराव पुढं आले, लेकीसाठी स्वतः जुळवलेलं मंगलाष्टक म्हणायला त्यांनी माईक घेतला, घसा खाकरला.

"बाबा," दीपमाला म्हणाली.

चित्र तिथंच थांबलं. माईक तोंडाशी, तोंड उघडं. चित्राखालची सरकती रेघ संपली होती, पुढं काहीच नव्हतं. मान वळवून मायलेकींकडं बघायची ताहेरची हिंमत होईना.

तारामतीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आता म्हनतेत बघ," ती लेकीला म्हणाली. "ताहेरभाई, आवाज वाढवा की जरा."

ताहेरनं स्पीकरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.