समोरचा काठ

"डॅड, बदकाचा डोळा दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, असं तूच शिकारीच्या वर्गात शिकवतोस ना?" हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून इंग्रिडने विचारून टाकलं एकदाचं.

"अगं, वर्गातलं वर्गात! ही सरकारी पाणथळ, सगळ्यांना खुली. आपण थांबलो की समोरच्या काठावरचे शिकारी आधी टिपणार," म्हणत डॅडने पार ढगांना टेकलेल्या थव्यावर बंदूक रिकामी केली. एक बदक लटपटलं, पाय लोंबकळत तरंगत गेलं आणि पलीकडच्या लव्हाळ्यात पडलं.

"आणायला जाऊ या?"

"एवढ्या चिखलात? खातील कोल्हे," म्हणून त्याने सँडविच उघडलं. इंग्रिडने आपलं सँडविच तसंच परत डब्यात ठेवलं.

थोड्या वेळाने समोरच्या काठावरून इंग्रिडच्या मैत्रिणीची, टिल्डाची आजी कमरेइतकं पाणी तुडवत आली. सकाळपासून तिने एकही बार काढला नव्हता. तिने मेलेलं बदक डॅडपुढे ठेवलं. "तुझंच ना रे हे? तडफडत होतं, मीच मान मुरगळली. जरा पाखरं खाली उतरू देत जा, बाबा!"

रात्री घरी जेवताना डॅड मॉमला फुशारकीने म्हणाला, "शनिवारी लेकीची पहिली शिकार! माझ्या शेजारी बसून."

 

"मॉम, डॅड, शनिवारी मी येणार. पण बसणार समोरच्या काठावर, टिल्डाच्या आजीजवळ."