दारामागच्या चपला

डॉक्टर, तुम्ही मला बरं केलं नाहीत. माझ्या डोक्यात कुणाला तरी आणून ठेवलंत.

दारू सुटली, पण आठवणींना भोकं पडली, म्हणून तुम्ही माझ्या मोबाइलवर तो खेळ टाकून दिलात. एका खोलीचं चित्र दिसतं, मिटतं आणि परत येतं तेव्हा त्यातली एक वस्तू गायब असते. ती कोणती, ते लिहायचं.

आधी खोली कुणाचीही असायची. परवा माझीच आली. तोच पलंग, तेच रंग उडालेलं कपाट. गायब काय? मी विचार न करता लिहिलं, दारामागच्या लाल चपला, लहान मुलीच्या. उत्तर बरोबर निघालं.

डॉक्टर, माझं लग्न झालेलं नाही. या खोलीत मी एकटाच राहत आलोय.

ताईला फोन केला. "तुझ्याकडे कुठली रे मुलगी? परत घेतलीस ना?" एवढं बोलून तिने फोन ठेवला. आता उचलतच नाही.

तुम्ही मात्र खूश. "काका, स्मरणशक्ती झकास परत येतेय," म्हणालात. चित्राचं विचारलं, तर म्हणे सगळ्या पेशंटना तेच असतं.

आज दार ओढून मी मागे पाहिलं. तिथे जुनी, जाड धूळ आहे. त्या धुळीत चिमुकल्या चपलांएवढी जागा स्वच्छ आहे. हात लावला, तर फरशी तेवढ्यापुरती कोमट लागली.

तुमचं कौतुक तुमच्यापाशी ठेवा. मला एवढंच सांगा, त्या चपला घालून ती आत्ता कुठे गेली आहे?