आठपैकी सहा लेन

जिंकलेली मुलगी चित्रातच नव्हती.

एडिटरने क्लिप पुन्हा सुरुवातीला नेऊन चालवली. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर सगळं झकास होतं: रुंद, लख्ख चित्र, तलावाच्या आठही लेन, आठ टोप्या. पण शेजारच्या स्टुलावरच्या जुन्या डबा टीव्हीवर सहाच. चॅनल अजून जुन्या मापाचं, जवळपास चौकोनी चित्रच घ्यायचं आणि ते कसं दिसेल हे तो या डब्यावर तपासायचा. रुंद चित्राचा मधला भाग ठेवायचा, दोन्ही कडा कापायच्या, की काम फत्ते. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता. कडेच्या लेन प्राथमिक फेरीत मागे पडलेल्यांना मिळतात. तिथून जिंकायचा आगाऊपणा आजवर कोणी केला नव्हता.

आज आठव्या लेनमधल्या पिवळ्या टोपीवालीने तो केला होता. आणि पहिल्या लेनमध्ये, हिरव्या टोपीत, त्याची स्वतःची मुलगी होती.

"पाच वाजता पाठवायचीय ना?" मुलगी मागच्या खुर्चीवर मांडी घालून बसली होती. दुपारच्या शर्यतीचे ओले केस अजून वाळले नव्हते. "चार वीस झालेत, बाबा."

"घड्याळ मलाही कळतं, बेडके."

पाचला क्लिप चॅनलकडे, साडेसहाला बातम्यांत. नात टीव्हीवर दिसणार अशी दवंडी आजीने इमारतभर पिटली होती. खालच्या मजल्यावरच्या चार घरांना तर बोलावूनच ठेवलं होतं.

त्याने फोन लावला. "बाई, वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या तर अख्खं चित्र मावतं. आजच्या दिवस चालवून घ्या."

"पट्ट्यांची क्लिप परत येते, तुम्हाला काय नव्याने सांगायचं?" चॅनलच्या बाई म्हणाल्या. "आणि जिंकलेली मुलगी नीट दिसू द्या हं. बातम्यांच्या सुरुवातीलाच घेतोय तिला."

मग त्याने चित्र दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं. आठही जणी मावल्या, पण सगळ्यांच्या बांबूच्या काठ्या झाल्या.

"बाबा, काठावर आमच्या पोहण्याच्या सरांची मान बघा! जिराफ!" मुलगी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. त्यालाही हसू आवरेना.

उरला एकच मार्ग: चौकोनी चित्राची चौकट रुंद चित्रावर हाताने सरकवायची. कॅमेरा तलावाच्या एका टोकाला, उंचावर होता. पोरी कॅमेऱ्याजवळून उडी मारून लांब जायच्या, पलीकडच्या भिंतीशी वळायच्या आणि परत यायच्या. लांब असताना आठही जणी चौकटीत मावत. जवळ आल्या की लेन फाकत आणि एक कड सोडावीच लागे. वळणावर सरकवलं तर कोणाला पत्ताही लागला नसता.

त्याने सुरुवातीला चौकट डावीकडे ठेवली. मुलीची उडी काय सुरेख दिसली! वळण आलं. माउसवरचा हात हलेना. वळून निघाली तेव्हा पोरगी चक्क दुसऱ्या नंबरवर होती. सगळ्यांत मागे पडली ती नंतर. तेवढं तरी लोकांना दिसू दे, असं त्याच्या मनात आलं. शेवटचे पाच मीटर उरले तेव्हा त्याने चौकट झटक्यात उजवीकडे ओढली. पिवळी टोपी भिंतीला हात लावताना दिसली.

"ही कुठून आली?" मुलगी म्हणाली. "आभाळातून पडली?"

"जिंकताना दिसली ना? मग झालं तर."

"काय झालं, बाबा? वळताना ती सातवी होती! तिथून तिने एकेकीला गाठलंय. तीच तर गंमत आहे!" ती उठून त्याच्या खांद्याशी आली. "वळणावरच सरकवा."

"मग परत येताना तू दिसणार नाहीस."

"माहितेय."

"आजीने लोक बोलावलेत."

"उडी दिसते ना माझी? हिरवी टोपी म्हणून सांगा त्यांना." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "सरकवा ना, उशीर होतोय!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. वाईटही वाटलं आणि पोरीचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. त्याने चौकट सरकवली.

चार अठ्ठेचाळीसला दोघं डबा टीव्हीसमोर उभे राहिले. निकाल दोघांनाही पाठ, तरी दोघांनी श्वास रोखला. शिट्टी. उडी. पाण्याचा फेस लांब लांब गेला, भिंतीशी वळला आणि चौकट हळूच उजवीकडे सरकली. पिवळी टोपी सातवी. मग पाचवी. "ओढ! ओढ!" मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती, बापाच्या पाठीत धपाटे घालत होती. तिसरी. दुसरी. पिवळीचा हात भिंतीला लागला तशी मुलगी अशी किंचाळली की जिन्यातून जाणारा पोस्टमन दारात डोकावला.

"दिसलं ना, बाबा? सगळं दिसलं!"

बाबाचं लक्षच नव्हतं. तो मान वाकडी करून टीव्हीच्या डाव्या कडेच्या बाहेर, कोऱ्या भिंतीकडे बघत होता.

"तिकडे काय बघताय?"

तो दचकला. चष्मा सारखा करत म्हणाला, "कुठे काय?"

"मी अजून पोहतेय," मुलगी म्हणाली. "थांबा चार सेकंद, पोचतेच."